लाल बटण एकच

मेहकरच्या स्टँडसमोर मोबाइलच्या दुकानात मी कामाला आहे. फुटलेल्या डिस्प्लेंचा खोका भरत जातो, तसे किस्सेही साचत जातात. खोका भंगारात जातो. किस्से कुठं टाकणार? निम्मे किस्से 'कॅमेरा बिघडला' या एकाच तक्रारीचे. कॅमेरा बिघडलेला नसतोच. पण माणूस खाली मान घालून म्हणतो, "आमीच अडाणी, बापा." या वाक्याची मला फार चीड येते. नववीतून शाळा सोडल्यावर मीही ते पुष्कळ ऐकलंय. पण गिऱ्हाइकासमोर मला बोलता येत नाही.

*

एक आजोबा आले. "म्हशीच्या विम्याले फोटो पाह्यजे. म्हशीसमोर फोन धरतो, तं माहंच तोंड येते."

आमचे मालक संजूभाऊ म्हणाले, "मंग तोच पाठवा. मंजूर होईन."

आजोबा हसले. मला नाही हसू आलं. पुढचा कॅमेरा मागं करायची खूण काय, तर गोल फिरणारे दोन बाण! त्यावरून कुणाला काय कळावं?

*

अंगणवाडीच्या ताईंना सगळं येत होतं. एका रात्रीत फोन अपडेट झाला आणि व्हिडिओचं बटण जागेवरून गायब. सकाळी त्यांनी मलाच झापलं, "काऊन हलवलं रे?"

बरोबरच आहे. आपण झोपलेलो असताना कुणी घरात शिरून चूल हलवली, तर त्याला सोडू का?

*

वसंतकाका आणि काकू आले ते लेकीच्या लग्नानंतर. लेक देऊळगाव राजाला दिलेली. पाठवणीचा व्हिडिओ काकांनी स्वतः काढलेला, पण तो सापडत नव्हता.

काकू म्हणाल्या, "तवा डोळे भरले होते, मले काही दिसलंच नाही. म्हून पाह्यजे."

मी शोधला. सुरू करायचं आणि थांबवायचं लाल बटण एकच. कॅमेरा उघडतानाच काकांचं बोट लागलेलं, तिथून सगळं उलटं झालं. काढायला घेतला तेव्हा बंद पडला. बंद केला म्हणून फोन खिशात टाकला, तेव्हा सुरू झाला. लेक कुठंच नाही. नुसता काळोख.

"मीच अडाणी," काका म्हणाले.

"तुम्ही नाही, काका," मी पहिल्यांदाच बोललो. "ज्यानं हे बटण केलं, तो."

तेवढ्यात काळोखातून आवाज आला. गाडीचा हॉर्न, लांब जाणारा. मग पावलं. दाराची कडी. आणि एक माणूस हमसून हमसून रडू लागला. थांबेचना.

"बंद कर ते," काका म्हणाले.

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाशी धरला. बराच वेळ ऐकलं. मग काकांकडे पाहिलं.

"तुमी तं आचाऱ्याचे भांडे मोजाले गेल्ते ना?"