सहा मुलांचे पालक

१९८३, मार्चमधला एक शुक्रवार. रक्कम दोनशे चाळीस दिनार. आखातात, माहूजमधल्या माझ्या घरी हजर चौघे: आमच्या इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, वसईच्या एक सिस्टर, माझी बायको आणि खजिनदार म्हणून मी.

सेक्रेटरी बँकेत नोकरीला होते. बोलताना समोरचे कागद टेबलावर आपटून कडा जुळवायचे आणि प्रत्येक विषय ‘खलास’ म्हणून मिटवायचे. पाच वर्षांपूर्वी त्यांनीच डहाणूकडची सहा आदिवासी मुलं ‘सुधारतील’ म्हणून पाड्यावरून आणून मंडळाच्या खर्चाने वसतिगृहात ठेवली होती. आईबापांना भेटायची बंदी, कारण भेटीनंतर मुलं रडतात आणि पाढे विसरतात. आता मंडळाला चूक कळली होती. मुलं घरी पाठवायची आणि प्रत्येक घराला चाळीस दिनार भरपाई द्यायची, असं ठरलं.

भरपाईचा नियम सेक्रेटरींनीच लिहिला: पैसे नोंदीतल्या पालकालाच. मी वसतिगृहाकडून मागवलेली यादी उघडली. सहाही मुलांपुढे पालक म्हणून सेक्रेटरींचंच नाव होतं.

“अहो, त्यांच्या आया जिवंत आहेत ना?” सिस्टर म्हणाल्या.

“आहेत की. पण त्यांना सही येत नाही, सिस्टर. प्रवेशाच्या वेळी मीच केली.”

“मग आता नियम बदला.”

“माझं नाव आलं म्हणून नियम बदलणारा माणूस मी नव्हे. खलास.”

बायको चहाचे भरलेले कप उचलून आत गेली. यादीत मला चूक काढता येईना, म्हणून चेक मीच लिहिला: दोनशे चाळीस दिनार, सहा मुलांच्या पालकांना, म्हणजे सेक्रेटरींना.