थोरात सरांची हलगी

दुपारच्या जेवणानंतर अनघा मोहितेचा डोळा लागतो आहे, पण हलगी तिला झोपू देत नाही. टेबलावर लॅपटॉप, उशाशी फोन, दोन्हींवर तिने बनवलेलं एकच वेबपान उघडं आहे आणि दोन्हींतून थोरात सरांच्या हलगीचं जुनं रेकॉर्डिंग वाजतंय. मधेच एक मागे पडते, मग टुणकन उडी मारून पुढे येते. सरांना जाऊन आज वर्ष झालं. संध्याकाळी शाळेच्या जुन्या मुली कोरेगाव, पुणे, दुबई, जिथे असतील तिथून या एका ठेक्यावर लेझीम खेळणार आणि सरांच्या पत्नी, बाई, ते बघणार. ठेका असा अडखळला तर बाईंना काय तोंड दाखवायचं?

ब्राउझरांची वेळ जुळवणारी एक जावास्क्रिप्ट लायब्ररी तिने घेतलीय. सगळ्यांचं सामाईक घड्याळ कुठे आहे आणि कोण किती मागे आहे, ते ती इमानेइतबारे सांगते. तरी घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नाही.

ती कूस बदलते आणि खाली शाळेचं मैदान आहे. फक्कीच्या पांढऱ्या रेघा ताज्या आहेत, झेंड्याच्या खांबाच्या जागी तिचा फ्रीज उभा आहे. मधोमध सर, गळ्यात हलगी. ते गेलेत हे तिला माहीत आहे, त्यांनाही. कोणी विषय काढत नाही.

काय अडलंय, सर विचारतात. मागे पडलेल्या ब्राउझरला मी उचलून नेमक्या जागी ठेवते, ती सांगते. सर हसतात.

"खेळणाऱ्याला उचलून ठेवत्यात व्हय, मोहिते?"

ते तिला मागच्या रांगेत धाडतात. मागची रांग दुबईतल्या गॅलरीत आहे, रेघेपलीकडे समुद्र चमकतोय. इथे हलगी उशिरा ऐकू येते. ती मागे पडते, सवयीने उडी मारते आणि तिची लेझीम शेजारणीवर आदळते. सर वाजवणं थांबवत नाहीत. त्यांनी कधीच कुणासाठी थांबवलं नाही.

"उडी नगं. पाय जरा चपळ उचल. फुडं गेलीस तर दमानं घे."

ती पावलं बारीक, चपळ टाकते. हळूहळू रांग तिला मिळते, कुणाच्या लक्षातही येत नाही. तिला रडू येतं.

"सर, थोडं थांबा ना."

"हलगी थांबत नसती, पोरी. तू ये गाठत."

जाग येते तशी ती लॅपटॉपकडे धावते. उडीचा हुकूम काढून टाकते. आता जो मागे पडेल तो कानाला कळणार नाही इतकंच जरा जलद वाजवेल, पुढे गेलेला तितकंच सावकाश. फोन आणि लॅपटॉप जरा चाचपडतात, मग दोन हलग्यांची एक होते. ती बाईंना फोन करून ऐकवते.

"ह्यांचाच हात," बाई एवढंच म्हणतात.

फोन ठेवून ती वळते. पलंगापासून टेबलापर्यंत फरशीवर तिच्या अनवाणी पावलांचे फक्कीचे ठसे उमटलेत. पलंगाशी जवळजवळ, बारीक, आणि टेबलापाशी येईतो सारख्या अंतराने.