आचोळे सरांची राखण

“सरांचा आवाज सीमेवर गेला असणार,” गोखिवरे म्हणाला. “बॉम्बचा धूर घशात गेला की तसंच होतं. माझ्या आत्याच्या शेजारी एक सुभेदार राहायचे, त्यांचं तसंच झालेलं.”

“म्हंजे बोलताच येत नाय?” खाडीने विचारलं.

“खुणेने बोलतात. नाहीतर टाइप करून. बघतोस ना तू.”

“अरेरे. पेन्शन तरी पुरी मिलत असेल ना?”

मी हे सगळं हेडफोनमधून ऐकत होते. मांडीवर मेथीची जुडी होती, कीबोर्डच्या बाजूला ताट, ताटात निवडलेली पानं. ज्यांच्या घशाबद्दल ही दोघं हळहळत होती ते सर म्हणजे मी. बी.कॉम. झालेली, नोकरी शोधणारी, आचोळ्याच्या एका बिल्डिंगमध्ये आईवडिलांबरोबर राहणारी. सीमा म्हणून मी पाहिली होती ती आमच्या आणि शेजारच्या सोसायटीमधली भिंत. घशाला काहीही झालेलं नव्हतं.

कॉम्प्युटर माझ्या भावाचा. तो नोकरीसाठी बंगलोरला गेला आणि कॉम्प्युटर, हेडफोन आणि एक खेळ मागे ठेवून गेला. घरात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. खेळ सैन्याचा होता, पण धावत सुटून दिसेल त्याला गोळ्या घालण्यातला नव्हता. ह्यात नकाशा घेऊन शेतांमधून बराच वेळ नुसतं चालायचं असतं, आणि एक गोळी लागली की संपलं. शूर माणसाचं तिथे काही काम नसतं. चौघं एकमेकांकडे लक्ष ठेवून चालली तरच पोचतात. लोकांकडे कोपऱ्यात बसून लक्ष ठेवणं हे तर मी लहानपणापासून करत आले होते. त्याचा कुठे उपयोग होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

मग मी वसई-विरारच्या एका वेबसाइटवर जाहिरात टाकली. निवांत खेळणाऱ्यांचा गट. कोणी ओरडणार नाही, कोणी कोणाचा अपमान करणार नाही, घरी काम निघालं तर जा, बाकीचे थांबतील. हे मी शाळेत निबंध लिहायचे तशा इंग्रजीत लिहिलं, अर्धविरामांसकट. त्या अर्धविरामांवरून लोकांनी एक निवृत्त लष्करी अधिकारी उभा केला. एवढं शुद्ध लिहिणारा आणि कुणालाच शिव्या न देणारा माणूस वसई-विरारमध्ये दुसरा कोण असणार?

पहिला आला गोखिवरे. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि आमचा खेळ त्याच्याच दुकानातल्या एका मशीनवरून चालायचा. तिथली वीज गेली की दोन्ही बाजूंचं सैन्य एकदम नाहीसं व्हायचं. मग आला खाडी. खाडीकाठच्या शेतकरी घरातला, वयाने आमच्यात मोठा. मुलांच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर घेतला होता, पण मुलांचा नंबर काही लागत नव्हता. खरी नावं कोणी विचारली नाहीत. वायरलेसवर हाक मारायला सोपं म्हणून राहत्या ठिकाणाचंच नाव घ्यायचं असं ठरलं. मी आचोळे. ‘सर’ त्यांनी जोडलं. पहिल्याच रविवारी खाडी म्हणाला, “आचोळे सर, जय हिंद.” ह्यावर काय लिहावं ह्याचा मी विचार करत होते, तेवढ्यात झाडीतून गोळीबार सुरू झाला आणि तो विषय मागे पडला. पुढे तो काढायचा म्हणजे काय म्हणून काढायचा?

बाकीचे बोलायचे, मी टाइप करायचे. मला बोलायला नको वाटायचं. शाळेत इंग्रजीत बोललं की टीचर खूश व्हायच्या, बिल्डिंगमध्ये इंग्रजीत बोललं की बायका एकमेकींकडे बघायच्या. मराठीत बोललं की मावशी टाळ्या वाजवून म्हणायची, “बोलला गं बाई पोपट!” त्यामुळे मी दोन्ही भाषा सांभाळून, काटकसरीने वापरायचे. गोखिवरेने एकदा विचारलंच होतं, “सर, माइक बिघडलाय का? आणून द्या दुकानात, फुकट करून देतो.” मी ‘नको, धन्यवाद’ असं लिहिलं. त्यातूनच ती घशाची कथा निघाली.

आमच्या गटात एक पद्धत पडली होती. तिची सुरुवात खाडीने केली. एका रविवारी दुपारी आम्ही शत्रूच्या गावाजवळ पोचलो आणि तो म्हणाला, “लाइट आली रं. वाडीला पानी लावून येतो.” आणि गेला. त्याचा सैनिक एका पडक्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शिक्षा केल्यासारखा. मी लिहिलं, ‘थांबा. त्याला मध्ये घ्या.’ आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना उभे राहून आळीपाळीने चारी दिशांना बंदुका रोखत राहिलो. खाडीचा माइक चालूच राहिला होता. पंपाची धडधड ऐकू येत होती, कोंबड्या ऐकू येत होत्या, मग एक बाई ओरडली, “अवो, पाट फुटला ना!” त्यानंतर शत्रूकडे कोणाचंच लक्ष लागेना. पाट बांधला की नाही, एवढीच काळजी.

तो धापा टाकत परत आला. “कोन मेलं का?”

“कोणी नाही,” गोखिवरे म्हणाला. “पाट बांधला?”

“बांधला. तुम्ही काय करत व्हते इतका वेल?”

“तुला सांभाळत होतो.”

“ही तर राखन झाली,” खाडी म्हणाला. त्यांच्याकडे भात तयार झालं की पाखरांपासून राखण करतात. तेव्हापासून तोच शब्द रूढ झाला. गोखिवरेच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की तो म्हणायचा, “राखण!” आणि आम्ही त्याला मध्ये घेऊन उभे राहायचो. गिऱ्हाईक घासाघीस करणारं असलं तर बराच वेळ राहायचो.

एकदा ठाण्याच्या एका गटाशी सामना होता. आम्ही खाडीची राखण करत उघड्या माळावर उभे होतो. ते गवतात पडून आमच्याकडे बघत होते आणि एकही गोळी झाडत नव्हते. खेळ संपल्यावर त्यांच्या कप्तानाने विचारलं, “मधोमध कोण होता? एवढं संरक्षण?”

“तो भेंडीला पाणी लावत होता,” गोखिवरेने सांगितलं.

“सांगायचं नसेल तर नका सांगू,” कप्तान म्हणाला.

मग सातिवली आला. तिथल्या प्लास्टिकच्या बादल्यांच्या युनिटमध्ये तो सुपरवायझर होता आणि मशीनच्या आवाजावर चढून बोलायची त्याला सवय होती. त्याचा पहिलाच प्रश्न, “हुद्दे काय आहेत?” हुद्दे नव्हतेच. त्याने त्याच दुपारी वाटले. मी मेजर, तो माझ्या खालोखाल, गोखिवरे हवालदार. खाडीला शिपाई केलं तेव्हा खाडी म्हणाला, “माझ्या घरी बारा गडी खपत व्हते एके काली.” तरी शिपाईच. माणूस वाईट नव्हता. नेम चांगला होता, दुसऱ्यासाठी स्वतः पुढे व्हायचा, आणि आमचा पहिला विजय त्याच्यामुळेच झाला. पण राखण त्याला बघवत नव्हती.

“युद्धात पाणी कोण भरतं?” तो म्हणायचा.

“आमच्या बिल्डिंगमध्ये ये,” गोखिवरे म्हणायचा. “तिथे पाण्यासाठीच युद्ध असतं.”

ठाण्याशी पुन्हा सामना झाला तेव्हा गोखिवरेकडे कोणी प्रिंटर घेऊन आलं. आम्ही पुलाच्या तोंडाशी राखणीला उभे राहिलो. ह्या वेळी ठाणेकर शहाणे झाले होते. त्यांनी एकच गोळा टाकला आणि आम्ही सगळे एकदम गेलो, प्रिंटरवाल्याचं शाईबद्दलचं गाऱ्हाणं ऐकता ऐकता. सातिवली म्हणाला, “पुढच्या रविवारी निर्णय घ्यायचा. हे युनिट आहे की पाणवठा?”

त्या मधल्या आठवड्यात आम्ही एकदा खेळलो, आणि खाडी उठलाच नाही. मागे ती बाई हाका मारत होती, लाइट आली म्हणून सांगत होती. तो नुसता “व्हय, व्हय” करत चालत राहिला. शेवटी म्हणाला, “वांग्याचे वाफे सुकले माझे. रविवारपासून मी नाय येत. वाडी बघू का ह्ये बघू?” मी लिहिलं, ‘तुम्ही जा. आम्ही थांबू. नेहमीसारखे.’ तोवर तो गेला होता.

त्या आठवड्यात मी मुलाखतीला गेले, भाजी आणली, पंख्याची पाती पुसली, आणि सारखा त्या वाफ्यांचाच विचार करत राहिले. मी काढलेल्या गटात माणसं एकमेकांसाठी थांबायची. असं दुसरीकडे कुठे मी बघितलं नव्हतं. आता खाडी गेला की गोखिवरेही हळूहळू जाणार, आणि मग उरणार एक सुपरवायझर आणि एक मुका मेजर.

आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडेही दुपारीच पाणी यायचं. आई हाक मारायची, मी हाताने ‘पाच मिनिटं’ अशी खूण करायचे, आणि ती बडबडत स्वतः पिंप भरायची. राखण मी कधीच मागितली नव्हती. मेजरला आई पाणी भरायला बोलावते, हे त्या कथेत बसत नव्हतं.

रविवारी सगळे जमले. खाडीही आला. निरोप घ्यायला आलोय, असं म्हणाला. आम्ही डोंगर उतरत होतो, आणि सातिवलीने चालता चालताच विषय काढला.

“आजपासून राखण बंद. जो गेला तो गेला, बाकीचे पुढे जाणार. हरकत कोणाची?”

“माझी काय हरकत असनार?” खाडी म्हणाला. “मी तसा पन चाललो.”

“हवालदार?”

“सर म्हणतील ते,” गोखिवरे म्हणाला. “पण मी दुकानात बसतो, हे लक्षात घ्या.”

“मेजर सर?”

मी लिहिलं, ‘माझी हरकत आहे.’ ओळ कोपऱ्यात बारीक अक्षरांत उमटली आणि थोड्या वेळाने पुसली गेली. मी पुन्हा लिहिलं.

“सर गप्प आहेत,” सातिवली म्हणाला. “म्हणजे संमती.”

“थांब रे, त्यांनी लिहिलं असेल,” गोखिवरे म्हणाला. “सर, लिहिलंत का काही? माझा नकाशा उघडा आहे, खालचं दिसत नाही.”

“लिहिलं असतं तर मला दिसलं नसतं का? मी दुर्बिणीत आहे, पण लक्ष आहे माझं.”

तेवढ्यात मोरीतून आई ओरडली, “अगं, पाणी आलं! धार आत्ताच करंगळीएवढी आहे. आज माझ्याच्याने नाही व्हायचं, कंबर धरलीय सकाळपासून. ऐकतेस का?”

मी हाताने खूण केली. मोरीतून ती दिसणार नव्हती.

“मग ठरलं,” सातिवली म्हणाला. “शिपाई, आजवरच्या सेवेबद्दल आभार.”

“बरं,” खाडी म्हणाला. “येतो मग. काय चुकलंमाकलं असेल तर...”

हेडफोनचा माइक मी कपाळावर वर वळवून ठेवलेला असायचा. तो खाली ओढला आणि बोलायचं बटण दाबलं. पहिल्यांदा नुसता श्वासच गेला.

“कोण आहे?” गोखिवरे दचकून म्हणाला. “कोण श्वास घेतंय?”

“आचोळेच्या नावापुढचा माइकचा दिवा लागलाय,” सातिवली म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. “सर?”

“सर, जोर नका लावू!” खाडी कळवळून ओरडला. “घशाची शीर तुटंल!”

“अगं, धार गेली तर रात्री काय प्यायचं आहे?” आई मोरीतून म्हणाली, आणि बटण दाबलेलंच असल्यामुळे हे बहुतेक त्यांनाही ऐकू गेलं. बटणावरचं बोट दुखायला लागलं होतं. मी दुसऱ्यांदा श्वास घेतला आणि म्हणाले,

“मी आचोळे बोलतेय. माझी हरकत आहे, दोनदा लिहिलं मी. खाडीदादा, तुम्ही कुठेही जायचं नाही. राखण बंद होणार नाही. आणि आता आधी माझी ठेवा, मला पिंप भरायचंय.”