दादाने लावलेला पत्रा

नाकमुरडे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. दुसऱ्याने आवळलेला नट पाहिला तरी याचं नाक वर जायचं, म्हणून गल्लीतल्या कारागिरांनी ते नाव ठेवलं आणि ते असं चपखल बसलं, की खरं नाव एव्हाना फक्त त्याच्या बायकोला आठवत असेल. मशीन दुरुस्तीत आपला हात धरणारा कोणी नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. ते अगदीच खोटं नव्हतं. पण हातापेक्षा तोंड जास्त चालायचं.

त्या दिवशी वहिनीच्या वर्कशॉपमध्ये तो शिरला तोही नाक वर करूनच. वर्कशॉप मुळात त्याच्या वडिलांचं. त्यांनी ते थोरल्या मुलाच्या हाती सोपवलं, आणि तेव्हापासून या धाकट्याने तिथला उंबरठा ओलांडला नव्हता. दादा गेला तेव्हासुद्धा तो घरी जाऊन आला, वर्कशॉपकडे फिरकला नाही. दादाच्या मागे वहिनीच मशीनवर उभी राहायची. आता ते जुनं मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने लोखंड तासणारं धूड, थरथरायला लागलं होतं. तासलेल्या कामावर लाटा उमटत होत्या. भंगारवाला तर बघूनही गेला होता.

"भाऊजी, काही होतंय का बघा," वहिनी म्हणाली. "नाहीतर उद्या तो उचलून नेईल. घर यावरच चालतंय."

"न व्हायला काय झालं? दादाने वाटोळं करून ठेवलंय, ते निस्तरायचं, एवढंच."

वडिलांनी वर्कशॉप चुकीच्या मुलाला दिलं, हे त्याला कधीचं सिद्ध करायचं होतं. वडील गेले, दादाही गेला. पटवून द्यायला आता एकटी वहिनीच उरली होती.

चेनपुलीने त्याने मशीनचं डोकं उतरवून टेबलावर घेतलं. कटर धरून फिरणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, त्या डोक्यात बेअरिंगवर बसलेला असतो. एकेक भाग सुटत गेला तसा याच्या जिभेला ऊत आला. "हे ग्रीस आहे की शेण? आणि या नटाच्या कडा बघा, छिन्नीने ठोकून उघडलाय. घरात पाना नव्हता का?" वहिनी गुमान रॉकेलमध्ये भाग धूत होती. नवऱ्याची अशी सालं काढलेली कुठल्या बाईला आवडतील? पण अडलेल्या माणसाला कान बंद ठेवावे लागतात.

खालचं बेअरिंग ओढून काढलं, तर त्याच्याभोवती पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळलेली. थंड पेयाच्या डब्यातून कापलेली. डब्यावरचा लाल रंग अजून शाबूत होता.

"वा! मशीनच्या पोटात डबा," तो हसला. "असली भंगारगिरी आमच्यात कोणी केली नव्हती." आणि पट्टी त्याने कोपऱ्यातल्या कचऱ्यात भिरकावली.

नवं बेअरिंग त्याने बसवायला घेतलं. जे ठोकून घट्ट बसायला हवं, ते नुसत्या अंगठ्याने सर्रकन आत गेलं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं, तर याने तिथेच त्याची खरडपट्टी काढली असती. बेअरिंगची जागा आतून झिजलीय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण अंगठा स्वतःचा होता.

"याला म्हणतात सफाई," तो वहिनीला म्हणाला.

डोकं चढवलं, मशीन चालू केलं. थोडा वेळ ते गोड चाललं. मग घरघर, मग थरथर, आणि कामावर आधीपेक्षा मोठ्या लाटा. डोक्यावर हात ठेवला तो चटका बसून मागे आला. त्याने बेअरिंग बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या, मशीन फिरवणाऱ्या पट्ट्याला घातल्या, जमिनीलाही घातल्या. शेवटी पुन्हा सगळं उतरवलं. बेअरिंग स्वतःच्या जागेत गरागरा फिरलं होतं, बाहेरची कडी घासून चकाकत होती. ती पट्टी झिजलेली जागा भरून काढायला होती, हे आता त्याला कळलं. तो कोपऱ्यात उकिडवा बसला आणि कचरा उपसू लागला.

"हे शोधताय?"

वहिनीच्या हातात ती पट्टी होती. धुऊन, पुसून, सरळ केलेली.

"हे म्हणायचे, धाकटा कधीतरी हे उघडेल आणि आधी पत्रा फेकेल. तू तेवढा उचलून ठेव."

"मग मघाशीच का नाही बोललात?"

"तुमचं बोलणं संपायची वाट बघत होते."

त्याला लाज वाटली. लाजेमागोमाग दादाची आठवण आली, आणि मेल्यावरही हा आपल्याला असा पुरता ओळखून आहे, म्हणून दादाचाच राग आला. पट्टी गुंडाळून त्याने बेअरिंग ठोकत ठोकत बसवलं. मशीन चालू झालं. काम आरशासारखं निघालं. त्याने मशीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गार आहे हे कळल्यावरही बराच वेळ काढला नाही.

"तिरका कापलाय पत्रा," शेवटी तो म्हणाला.

उद्या येऊ नको म्हणून सांगायला वहिनी भंगारवाल्याला फोन लावत होती. तिने मान वर केली नाही.