चार बुरूज आणि एक लोखंडी कपाट

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं, तेव्हा शाळेच्या लायब्ररीचं एक पुस्तक माझ्याकडेच राहून गेलं होतं. फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या मध्ययुगीन किल्ल्याचं. मी नुकतीच बारावी झाले होते. आई नर्स; ती हॉस्पिटलमध्येच अडकली होती. फोन बंद. चौथ्या मजल्यावर मी आणि बाबा, दोघंच. आम्हा दोघांनाही फारसं बोलायची सवय नाही, म्हणून मी त्यांना ते पुस्तक मोडक्यातोडक्या मराठीत सांगायला लागले.

किल्ला लहानसाच. टेकाडावर चार गोल बुरूज, भोवती खंदक. कुणा किरकोळ सरदाराने बांधलेला. जिने उजवीकडे वळत वर जाणारे, म्हणजे चढून येणाऱ्या शत्रूचा तलवारीचा हात मधल्या खांबाला अडतो. खिडक्यांच्या जागी बाण सोडायच्या फटी. विहीर आतल्या अंगणात. लढायांत तो दोनदा या राजाकडून त्या राजाकडे गेला. पुढे कुणालाच नकोसा झाला आणि गावकऱ्यांनी त्याचे दगड नेऊन गोठे बांधले.

"भिंत किती जाड?" बाबांनी विचारलं. ते तेल कंपनीत इंजिनिअर होते.

"तळाशी नऊ फूट."

"आणि दरवाजे?"

"एकच."

"शहाणे होते."

खालच्या मजल्यावरून सैनिक टीव्ही उचलून घेऊन गेले, त्या दिवशी बाबांनी लोखंडी कपाट दारामागे सरकवलं. आत डाळ-तांदळाचे डबे रचले, कपाटापुढे पाण्याने भरलेला ड्रम ठेवला. मीही ढकलायला लागले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं.

"अहो, मी आहे. उघडा लवकर. हॉस्पिटलची व्हॅन खाली थांबलीय, दहाच मिनिटं दिलीत."

आम्ही दोघांनी मिळून ड्रम बाजूला केला. कपाट मात्र जेमतेम हललं. गालिचा गोळा होऊन त्याच्या पायांत अडकला होता. दार चार बोटं उघडलं आणि तिथेच थांबलं.

"काय लावलंय दाराला?"

"कपाट," बाबा म्हणाले.

"बरंय. नवऱ्याने घराबाहेर काढलं म्हणून सांगते वॉर्डात." ती हसली, पण आवाज दमलेला होता. फटीतून खुबूस रोट्यांची पिशवी आत आली. "कुठून मिळवल्या ते विचारू नका, गरम आहेत तोवर खा. आणि लेकीला जरा पुढे करा."

मी फटीला चेहरा लावला. तिचा एक डोळा आणि अर्धं कपाळ दिसलं. जाऊ नकोस, एवढंच मला म्हणायचं होतं.

"तू जेवलीस?" मी विचारलं, तेही इंग्रजीत.

"जेवते गं. तू किती वाळलीस!"

"दोन मिनिटं थांब," बाबा म्हणत होते. कपाटातला एकेक डबा काढून मागे ठेवत होते. खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"माझ्यामुळे बाकीच्या मुली उन्हात खोळंबल्यात," ती म्हणाली. तिने बोटं आत घालून माझ्या गालाला लावली आणि काढून घेतली. चपलांचा आवाज जिना उतरत गेला.

शेवटचे दोन डबे निघाल्यावर कपाट सरकलं. दार पूर्ण उघडलं तेव्हा खाली व्हॅन सुरू होत होती. बाबा अनवाणीच जिन्यात धावले आणि कठड्यावरून वाकून तिला मोठमोठ्याने हाका मारायला लागले. मी मागून जाऊन त्यांचा सदरा धरला.

"बाबा, हळू," मी म्हटलं. "कुणीतरी ऐकेल."