आहेर न घेणारं घर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, पण मान खाली घालून नाही. तशी सवयच नाही मला.

पनवेलजवळच्या ओवे गावात आमचं घर कोणालाही विचारा. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाले, तीन मजले चढले. आमच्या लग्नपत्रिकांवर वडिलांच्या वेळेपासून एक ओळ छापतात — आहेर स्वीकारला जाणार नाही. आम्ही देणारे, घेणारे नव्हे. आणि माझी मुलगी हर्षाली? अमेरिकेतल्या कॉलेजात अर्ज करणारी घराण्यातली पहिली. तोही बांधील अर्ज — लवकर भरायचा, एकाच ठिकाणी भरायचा, आणि त्यांनी घेतलं की जायचंच. फी झेपत नसेल तर कॉलेज मदत करतं, म्हणून ती निर्धास्त होती. निबंध तिने लिहिले. घरच्या पैशांची पानं मी भरतो म्हणालो.

तिथे प्रश्न होता — मदत हवी का?

आता काय सांगू... फी झेपणारी नाही हे मला ठाऊक होतं. प्लॉट विकावा तर त्यावर चार भावांची नावं. तरी हात थांबला नाही. ‘आपल्याला नाय लागत कोणाची मदत,’ असं एकटाच मोठ्याने म्हणालो आणि ‘नाही’वर खूण केली. आधी घेऊ तर देत, मग बघू — असंही वाटलं होतं का? असेल.

त्यांनी तिला घेतलं. घेणारच, पोरगी तशीच आहे. गावभर पेढे वाटले मी. मग फीचा कागद आला. मदत मागितली असती आणि ती कमी पडली असती, तर त्या बांधिलकीतून मानाने सुटता आलं असतं. आम्ही तर मागितलीच नव्हती. हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी म्हणालो, मागितली होती, त्यांनी नाकारली. येत नसल्याचं पत्रही मीच तिच्या नावाने पाठवलं.

“म्हणजे पप्पा, मी त्यांना तेवढी नको होते,” एवढंच म्हणाली ती.

इथे पनवेलच्या कॉलेजात ती पहिली आली. छाती फुगते माझी, खोटं कशाला बोलू? आता रविवारी गावातल्या मुली अर्ज भरायला आमच्या ओटीवर येतात. प्रत्येकीला ती सांगते, “मदत मागायला लाजू नका. नाकारली तर मनाला लावून घेऊ नका. मलाही नाकारली होती, विचारा पप्पांना.”

मुली माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो — हो म्हणून.