एक्क्याण्णवची पंगत

माझ्या मुलीच्या पेपरवर लाल पेनाने जी फुली मारली होती, तिचा राग अजून माझ्या पोटातून गेलेला नाही. मार्क मिळाला तरी गेला नाही. म्हणून तिच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवते. कोणाला दाखवायचं नाही.

गांधीबागेच्या मागच्या बाजूला एक मराठी शाळा आहे. तिथे मी खिचडी शिजवते. आम्ही दोघी जणी आहोत. मी भात-वरणाचं पाहते आणि दुसरी भाजी चिरते, भांडी घासते. पहिलीपासून सातवीपर्यंत सगळी मिळून त्या वर्षी पटावर एक्क्याण्णव मुलं होती. जेवण व्हरांड्यात. व्हरांड्याच्या लांबीची एक टाटपट्टी, तिच्यावर ताटं ठेवून मांडी घालून तेरा मुलं बसतात. चौदावं बसवलं की कोणाचा तरी गुडघा वरणात जातो. अशा सात पट्ट्या आम्ही टाकतो. रोज पाच-दहा मुलं कमी असतात, म्हणून मधे मधे जागा रिकाम्या दिसतात. पण अंड्याच्या दिवशी तापातलं पोरगंही येतं. त्या दिवशी सातही पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरतात, एक जागा उरत नाही आणि एक मूल उभं राहत नाही.

माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. पाचवीत शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तिच्या वर्गाच्या सरांनी सांगितलं होतं की गणिताच्या चाचणीत पंचवीसपैकी वीस मिळतील त्यांचेच फॉर्म भरू, त्यांनाच सकाळी शाळेआधी एक तास शिकवू. मुलीने ते मनावर घेतलं. मीही घेतलं. नरखेडकडे आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती, पुढे संत्र्याच्या बागा होत्या. मी बागेत गेले. ही जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

तिला मूळ संख्या आणि संयुक्त संख्या समजत नव्हत्या. सरांनी व्याख्या पाठ करायला दिली होती, ती तिला पाठ होती, पण सात समोर ठेवला की गप्प. मी तिचं पुस्तक वाचलं, दोनदा वाचलं. मग डब्यातले चिंचोके काढले.

"सात मांड. सारख्या रांगा कर."

तिने दोन-दोनच्या केल्या, एक उरला. तीन-तीनच्या केल्या, एक उरला. "होतच नाही आई. एकच लांब रांग होते."

"मंग ते मूळ. आता बारा घे."

बाराच्या तिने तीन तऱ्हा केल्या आणि हसायला लागली. "अन् एकाचं काय?"

"एकट्याची रांगच काय अन् पंगतच काय. त्याले पुस्तकात दोन्हीतून बाहेर ठेवलं आहे."

आठवडाभर स्वयंपाक उरकला की आमचा हाच खेळ. शेवटी ती वर्गातली यादी घेऊन बसली. पाचवीच्या वर्गात भिंतीवर सरांनी स्वतः ऑइल पेंटने रंगवली होती, एक ते शंभरमधल्या मूळ संख्या. तिने वहीत उतरवून आणली होती. शेवटी शेवटी होतं, एकोणनव्वद, एक्क्याण्णव, सत्त्याण्णव.

मी एक्क्याण्णववर थांबले. "हे मूळ नाही होत."

"सरांनी लिहिलं आहे."

"आपली पंगत किती पोरांची? एका पट्टीवर किती?"

ती बोटं मोजत राहिली. मग म्हणाली, "तेरा सत्ते एक्क्याण्णव." आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, जसं मी काही चोरून आणलं आहे.

चाचणीत नेमका तोच प्रश्न आला. तिने लिहिलं, संयुक्त, तेरा गुणिले सात. सरांनी फुली मारली. पंचवीसपैकी एकोणीस. तिने उभं राहून सांगितलं की सर, हे बरोबर आहे. सर म्हणाले, भिंतीवर काय लिहिलं आहे ते दिसत नाही का. ती म्हणाली, आईने सांगितलं. त्यावर सर म्हणाले, "बरं झालं. आता गणित खिचडीवाल्या शिकवतील, मी जातो खिचडी ढवळायला." सगळा वर्ग हसला. तिच्या बाजूला बसणारी मैत्रीणही हसली.

हे तिने मला सुट्टीत भांड्यांच्या मागे उभं राहून सांगितलं. रडली नाही. "तू शिकवलंच नसतं तं बरं झालं असतं," म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

माझ्या हातात पळी होती. ती मी पातेल्यावर इतक्या जोरात आपटली की भाजी चिरणारी धावत आली. सगळं ऐकून ती म्हणाली, "मंग चूप काहून बसली वं? जाऊन सांग ना त्याले."

"मले नाही जमत."

"पोरीचं नाव कटलं, अन् तुले जमत नाही. वरणात मीठ कमी पडलं तं तो चार पोरांसमोर आपल्याले बोलते. तवा त्याले बरोबर जमते."

खरंच जमत नाही. बूट घातलेल्या माणसासमोर माझी नजर बुटावरच राहते. लहानपणापासून आहे. तीन दिवस मी मनातल्या मनात सरांशी भांडले. दोनने जात नाही, तीनने जात नाही, पाचने जात नाही, एवढं पाहून त्यांनी सोडून दिलं असणार. साताने भागून पाहायचा कंटाळा केला. मी चौथी शिकलेली बाई, मला गुरुजींनी छडी हातात घेऊन तेराचा पाढा घोकवला होता. यांना पगार घेऊन तो आठवत नाही. त्यांच्या कंटाळ्याची फुली माझ्या मुलीच्या पेपरवर का? आणि तीन दिवस मीही गप्प, याचा राग वेगळाच.

चौथ्या दिवशी अंडी होती. सगळी आली. मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने चव घेऊन रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. त्या महिन्यात ते काम सरांकडेच होतं. ते आले, चव न घेताच "चव चांगली" लिहिलं, सही केली. हजेरीच्या रकान्यात त्यांनी ९१ लिहिलं. मी रजिस्टर धरून उभी होते. सोडलं नाही.

"सर, एका पट्टीवर किती बसले?"

"काय?"

"मोजा ना सर." माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता.

त्यांनी पहिली पट्टी मोजली. ओठ हलताना मला दिसले. मग त्यांनी पट्ट्या मोजल्या. मी बुटांकडे पाहत होते. बूट जागचे हलले नाहीत.

"मोकळी जागा आहे का कुठे?" मी विचारलं.

"वाढा मावशी. मुलं थांबली आहेत."

दुपारी मुलगी पेपर घेऊन आली. एकोणीस खोडून वीस केले होते. फॉर्मच्या यादीत तिचं नाव शेवटी, वेगळ्या शाईने. सर काय म्हणाले, मी विचारलं. "म्हणाले, जा, दिला तुला एक मार्क. आईला सांग."

दिला. जसं हळदी-कुंकवाला वाण दिलं. मुलगी खूष होती, तिला मी काही बोलले नाही. हात पदराला पुसले आणि पाचवीच्या वर्गात गेले. आम्ही स्वयंपाकाच्या बाया वर्गात जात नाही, चहा नेला तरी दारातून देतो. मी आत गेले.

"सर, मार्क तिचाच होता. तुम्ही दिला नाही."

मी भिंतीकडे बोट केलं. "हे पण पुसा. अन् पोरीले हसले ते सगळ्यांसमोर हसले, तसंच चूक झाली म्हणून सांगा सगळ्यांसमोर."

"ऑइल पेंट आहे मावशी. पेंटर आला की बघू." मग मुलांकडे वळून, "पान काढा रे."

मी बाहेर आले आणि पट्ट्या गुंडाळायला लागले.

मुलगी त्या सकाळच्या तासाला बसली, फॉर्म भरला गेला, परीक्षा दिली. आता ती सातवीत आहे. पेंटर आलेला नाही. नव्या पाचवीची मुलं तीच यादी वहीत उतरवतात. आता पट एक्क्याण्णवचा राहिला नाही, पण पट्ट्या मी सातच टाकते आणि टाकताना मला जमेल तेवढ्या मोठ्याने मोजते. हात धुवून आलेली मुलं माझ्यामागे म्हणतात, तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. सातव्या पट्टीला त्यांचा आवाज पाचवीच्या खिडकीतून आत जातो. परवा सर दारात येऊन म्हणाले, "मावशी, जरा हळू."

मी पट्टी सरळ केली आणि मुलांना म्हटलं, पुन्हा म्हणा.